शुश्रूषेचा अधिकार : वऱ्हाडातील आरोग्यसेवकवर्गाची सामाजिक जडणघडण

आरोग्यसेवेचा इतिहास बहुधा दवाखान्यांच्या इमारती, साथीचे रोग, नवी औषधे आणि नामवंत डॉक्टर यांच्या आधारे लिहिला जातो. रुग्णाच्या अंगाला हात कोणी लावायचा, बाळंतिणीच्या खोलीत कोणी शिरायचे, वाहती जखम कोणी धुवायची आणि औषध लिहून देण्याचा अधिकार कोणाकडे राहायचा, हे प्रश्न त्या इतिहासाच्या कडेला पडून राहतात. वस्तुतः एखाद्या प्रदेशातील आरोग्यव्यवस्था कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापर्यंत पोहोचू शकली नाही, याचे उत्तर पुष्कळदा याच प्रश्नांत दडलेले असते. अमरावती आणि अकोला हे जिल्हे ज्याचा गाभा आहेत त्या वऱ्हाडात गेल्या सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांत आरोग्यसेवकवर्ग, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, सुईणी, सफाई कामगार आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते मिळून होणारा समूह, कसा घडत गेला हे पाहिले असता एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. जो समाजगट सेवेच्या कक्षेबाहेर राहिला होता त्याच्यातीलच माणसे सेवकवर्गात आली, तेव्हाच सेवा त्याच्या दारापर्यंत गेली. तथापि त्या माणसांसाठी दार उघडले ते बहुतेक वेळा खालच्या पायरीवरचे, आणि वरच्या पायरीपर्यंतचा जिना अजूनही अरुंदच आहे.

जुन्या वऱ्हाडातील सेवक

भूगोलाच्या दृष्टीने वऱ्हाडाचे तीन भाग मानले जात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या कापसाळ जमिनीचा पयनघाट, दक्षिणेकडील पठाराचा बालाघाट आणि उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगांत पसरलेला मेळघाट. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हा जिल्हा अमरावतीत, तर वाशिम जिल्ह्याचा बहुतेक भाग अकोल्यात विलीन झाला. कापसाच्या व्यापारामुळे पयनघाटात रेल्वे, जिनिंग कारखाने आणि बाजारपेठा लवकर आल्या, आणि दवाखानेही प्रथम तेथेच उभे राहिले. मेळघाटात रस्ता उशिरा गेला आणि डॉक्टर त्याहूनही उशिरा गेला.

इंग्रजी दवाखान्यापूर्वी उपचाराची कामे जातिव्यवस्थेच्या चौकटीतच वाटून दिलेली होती. नाडी पाहणे आणि औषध सांगणे हे वैद्याचे किंवा हकिमाचे काम होते, तर गळू फोडणे व रक्त काढणे न्हाव्याकडे असे. बाळंतपण, नाळ कापणे आणि विटाळाच्या कापडांची विल्हेवाट ही कामे सुईणीची समजली जात, आणि गावोगाव ती मुख्यतः मांग समाजातील व इतर अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रिया करीत. ज्या घरात एरवी तिची सावलीही चालत नसे, त्या घरातील मूल जगात येताना पहिला स्पर्श तिचा होई. ते काम आटोपले की घर शुद्ध करून घेतले जाई आणि ती पुन्हा उंबऱ्याबाहेर जाई. ज्ञान आणि सल्ला यांना प्रतिष्ठा, स्पर्श आणि स्वच्छता यांना हीनत्व, अशी ही विभागणी होती. पुढे आधुनिक रुग्णालये उभी राहिली तेव्हा तीही या विभागणीपासून पूर्णपणे मुक्त राहू शकली नाहीत.

मेळघाटातील कोरकू समाजात व्यवस्था निराळी होती. तेथे भूमका हा गावचा पुजारी आणि उपचारकर्ता असे. रोगाचे निदान, देवाला कौल, झाडपाला आणि तोडगे हे सारे त्याच्याकडे असे, आणि बाळंतपणे अनुभवी कोरकू स्त्रिया पार पाडीत. त्यांच्या उपचारांत अपायकारक रूढीही होत्या. बालकाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने पोटावर डाग देण्याची, ‘डंबा’ या नावाने ओळखली जाणारी प्रथा त्यांपैकी सर्वांत वेदनादायक होय. तरीही भूमका गावातला होता, गावची बोली बोलत होता आणि मध्यरात्री हाक मारली तरी येत होता. आधुनिक व्यवस्थेला हा विश्वास पुढे अनेक दशके मिळवता आला नाही, यामागे हे साधे कारण होते.

डफरीन आणि स्त्री-डॉक्टरांचा प्रश्न

सेवकवर्ग बदलल्याशिवाय सेवा पोहोचत नाही, हे इंग्रजी राजवटीच्या ध्यानात सर्वप्रथम आले ते स्त्रियांच्या बाबतीत. पडदा पाळणाऱ्या मुसलमान घराण्यांतील आणि सोवळ्यात वावरणाऱ्या हिंदू घराण्यांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास तयार नसत, आणि स्त्री-डॉक्टर जवळजवळ नव्हत्याच. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी एक राष्ट्रीय निधी स्थापन केला. स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका आणि सुईण म्हणून शिकविणे व त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालये काढणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली, आणि मराठी स्त्री डॉक्टर होऊ शकते ही गोष्ट सिद्ध झाली.

अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’ आहे, आणि अकोल्याचे स्त्री रुग्णालय ‘लेडी हार्डिंग’ या नावाने ओळखले जाते. ही नावे साम्राज्याच्या दरबारातून आलेली असली तरी त्यांमागचे तत्त्व महत्त्वाचे होते. रुग्णाचा संकोच हा त्याचा दोष न मानता, त्या संकोचाला जुळेल असा सेवक उभा करणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व येथे प्रथमच शासनमान्य झाले.

परंतु याच काळात सुईणीच्या वाट्याला काय आले, हे पाहणेही आवश्यक आहे. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया स्मृती निधी उभारण्यात आला आणि परंपरागत सुईणींना स्वच्छतेचे व सुरक्षित प्रसूतीचे शिक्षण देण्याचे प्रयत्न सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या स्त्रियांना अडाणी आणि मातामृत्यूस जबाबदार ठरवून शिकवावयास बोलावले गेले. मात्र त्यांच्या अनुभवाला पदाची, पगाराची किंवा बढतीची जोड मिळेल अशी वाट त्या योजनेत नव्हती. स्त्री-रुग्णालयात वरची जागा शिकलेल्या, बहुधा युरोपीय, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, पारशी किंवा उच्चवर्णीय स्त्रीची राहिली, आणि दलित सुईण गावातच, जुन्याच मोबदल्यावर राहिली.

परिचारिकेचा पेशा

डॉक्टरकीपेक्षा परिचर्येचा पेशा अधिक काळ उपेक्षित राहिला. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र उचलणे आणि रात्रपाळी करणे ही कामे घरंदाज मानल्या गेलेल्या स्त्रीला शोभत नाहीत, असा समज सवर्ण समाजात खोलवर होता. त्यामुळे प्रशिक्षित परिचारिकांचा पहिला मोठा वर्ग ख्रिस्ती स्त्रियांतून आला, आणि मिशनरी रुग्णालये ही त्यांची शाळा ठरली. वऱ्हाडात एलिचपूरच्या परिसरात कोरकूंमध्ये काम करण्यासाठी आलेल्या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाय रोवले आणि तेथून जवळच कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील वाशिम येथे १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन स्त्री-डॉक्टरांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले, आणि पुढे त्याला जोडून परिचारिकांचे प्रशिक्षणही चालू झाले.

या संस्थांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, आणि त्याबद्दल त्या काळी वादही झाले. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांनी केलेले एक काम नाकारता येत नाही. जातीमुळे शाळेच्या दाराबाहेर राहिलेल्या आणि वैधव्यामुळे घराच्या कोपऱ्यात लोटल्या गेलेल्या अनेक मुलींना व स्त्रियांना त्यांनी गणवेश, प्रमाणपत्र आणि स्वतःचा पगार दिला. रुग्णाच्या उशाशी उभे राहण्याचे काम विटाळाचे नसून विद्येचे आहे, ही कल्पना वऱ्हाडात रुजविण्याचे मोठे श्रेय या परिचारिकांकडे जाते. त्यांपैकी बहुतेकींची नावे कोणत्याही ग्रंथात नोंदली गेलेली नाहीत.

१९४६ : एक अहवाल आणि एक आश्रम

१९४६ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या वर्षी भारताच्या भावी आरोग्यव्यवस्थेचा आराखडा सादर केला. त्या अहवालातील गणनेनुसार देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालातून पुढे आली. परंतु त्याच समितीने लायसेन्शिएट डॉक्टर, म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीचा परवाना अभ्यासक्रम पूर्ण केलेले डॉक्टर, तयार करण्याची पद्धत बंद करण्याची शिफारस केली. एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा, हा तिचा आग्रह होता. सहा सदस्यांनी याला भिन्नमत नोंदवून, खेड्यांची गरज भागेपर्यंत परवाना अभ्यासक्रम चालू ठेवावा असे मत मांडले, पण ते स्वीकारले गेले नाही.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी १९१४ मध्ये नागपूर येथे सुरू झालेले रॉबर्टसन मेडिकल स्कूल याच परवाना अभ्यासक्रमाचे केंद्र होते. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. शिक्षणाचा दर्जा उंचावला ही त्याची जमेची बाजू होती. त्याचबरोबर अभ्यासक्रमाची वर्षे वाढली, खर्च वाढला, आणि अमरावती-अकोल्याच्या शेतकरी घरातील मुलाला डॉक्टरकीकडे नेणारी एक छोटी वाट बंद झाली. दर्जा आणि पोहोच यांतील हा ताण पुढील सर्व दशकांत कायम राहिला.

त्याच १९४६ साली अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना लोक दाजीसाहेब म्हणत, यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली आणि शहराबाहेरच्या उजाड जागेवर तपोवन उभे राहू लागले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या होमिओपॅथ डॉक्टरांसमोर जो समाज होता, तो कायद्यानेही बाजूला काढलेला होता. १८९८ च्या कायद्याने गरीब कुष्ठरोग्याला पकडून आश्रयस्थानात डांबण्याची मुभा दिली होती, आणि हा कायदा अनेक ठिकाणी अनेक दशके टिकला. कुष्ठरोग्याच्या जखमा बांधण्यास प्रशिक्षित माणूसही सहजासहजी मिळत नसे.

तपोवनाने या अडचणीतून जो मार्ग काढला तो आरोग्यसेवकवर्गाच्या इतिहासात अत्यंत मोलाचा आहे. येथे रुग्ण हाच कारागीर, शेतकरी आणि सेवक झाला. शेती, सुतारकाम, विणकाम अशी कामे रुग्णांनी केली, आणि बरे झालेल्यांनी नव्याने येणाऱ्यांची शुश्रूषा केली. बधिर झालेल्या बोटांना चटका कसा टाळावा, जखम चिघळण्यापूर्वी कशी ओळखावी, समाजाने टाकलेल्या माणसाशी पहिल्या दिवशी काय बोलावे, हे ज्ञान कोणत्याही वैद्यकीय शाळेत मिळत नव्हते. ते त्या माणसांच्या शरीरात आणि स्मृतीत होते. १९४० च्या दशकात डॅप्सोन या औषधाने आणि १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा होऊ लागला, परंतु बरा झालेला माणूस माणसांत परत यावा यासाठी औषधाइतकीच तपोवनाच्या या रीतीची गरज होती. १९५९ मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री देण्यात आली. १८९८ चा कायदा मात्र केंद्र सरकारने २०१६ मध्ये रद्द केला.

शिक्षणाची चळवळ आणि वैद्यकीय महाविद्यालये

तपोवनाला अमरावतीत जो सामाजिक आधार मिळाला, तो एका मोठ्या चळवळीने आधीच तयार केलेला होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच सुमारास विलायतेहून परतलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे यासाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. वैद्यकीय शिक्षण त्या वेळी या संस्थेच्या कक्षेत नव्हते. पण शेतकऱ्याचा आणि अस्पृश्याचा मुलगा एका छताखाली जेवतो, झोपतो आणि अभ्यास करतो, ही गोष्ट रुजल्याशिवाय रुग्णालयाच्या वॉर्डात तो डॉक्टर म्हणून उभा राहणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर राखीव जागांचा प्रश्न वैद्यकीय शिक्षणाच्या दारातच प्रथम न्यायालयात गेला. मद्रास प्रांतातील वैद्यकीय प्रवेशाच्या वाटपाविरुद्ध चंपकम दोराईराजन यांनी दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती वाटणी रद्द केली, आणि त्यानंतर त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना स्पष्ट शब्दांत देण्यात आला. आज वैद्यकीय महाविद्यालयांत दिसणारी दलित, आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांची उपस्थिती या दुरुस्तीवर उभी आहे.

वऱ्हाडात मात्र तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. अमरावतीला १९८४ मध्ये पंजाबरावांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये आले, आणि अमरावती, वाशिम व बुलढाणा येथील नवी शासकीय महाविद्यालये २०२४ मध्ये उघडली. म्हणजे नागपूरच्या मेडिकल स्कूलनंतर अकोल्याला शासकीय महाविद्यालय मिळण्यास ८८ वर्षे लागली, आणि अमरावतीला ११० वर्षे. या काळाच्या मोठ्या भागात वऱ्हाडातील गरीब विद्यार्थ्यासाठी डॉक्टरकीचा रस्ता मुख्यतः नागपूरहून जात होता.

रुग्णालयाच्या आतही जुनी उतरंड सहज मोडली नाही. वॉर्ड झाडणे, शौचालये धुणे आणि शवागारातील कामे ही वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांकडे, आणि त्यांतही दीर्घकाळ ठरावीक जातींकडेच राहिली. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच कामावर नेमण्याची पद्धत आली. तिच्यामुळे हजारो कुटुंबांना उपजीविकेची शाश्वती मिळाली, ही गोष्ट लहान नाही. परंतु बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी तरतूद जेवढी खात्रीची होती, तेवढी त्याच मुलाला प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा परिचारक करणारी तरतूद खात्रीची नव्हती.

मेळघाट : भाषेची भिंत

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार आदिवासींच्या संरक्षणासाठी जे प्रदेश वेगळे दाखविले आहेत त्या अनुसूचित क्षेत्रात ते मोडतात. येथील बहुसंख्य लोक कोरकू आहेत आणि त्यांची भाषा मराठी किंवा हिंदीच्या कुळातली नसून मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची नातलग आहे. अमरावतीहून आलेल्या डॉक्टरला रुग्णाचे शब्द समजत नसत आणि रुग्णाला औषधाच्या वेळा समजत नसत. या अंतराला निवासाची गैरसोय, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि बदलीची ओढ यांची जोड मिळाली, आणि बैरागड, हतरू, सेमाडोह, काटकुंभ यांसारख्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर टिकणे कठीण झाले.

१९९३ च्या पावसाळ्यात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर पोहोचल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. शासनाने १९९५-९६ पासून नवसंजीवनी योजना राबविली. तिच्या अंतर्गत भरारी पथके फिरू लागली, त्यांत मुख्यतः आयुर्वेद पदवीधर डॉक्टर मानधनावर काम करू लागले, आणि वस्तीवस्तीवर पाडा स्वयंसेवक नेमले गेले. मेळघाटातील प्रश्न पुढेही न्यायालयासमोर येत राहिला, आणि बालरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञांची रिक्त पदे हा त्या सुनावण्यांचा कायमचा विषय झाला. आदेश निघत, डॉक्टर रुजू होत, आणि काही काळाने पद पुन्हा रिकामे होई. या क्रमातून एक धडा मिळतो. आदेशाने माणूस पाठविता येतो, पण त्याला तेथे रुजविता येत नाही.

काही डॉक्टर मात्र स्वेच्छेने आले आणि राहिले. बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी १९८० च्या दशकापासून नाममात्र शुल्कात सेवा केली व २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सेवाग्रामच्या महाविद्यालयात शिकलेले डॉ. आशिष सातव आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव यांनी ‘महान’ या संस्थेद्वारे धारणीजवळील उतावली येथे रुग्णालय उभे केले. या दोन्ही प्रयत्नांतील त्याग आदरास पात्र आहे. आरोग्यसेवकवर्गाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की ‘महान’ने गावातल्याच अल्पशिक्षित आदिवासी स्त्रियांना निवडून नवजात बालक व लहान मुलांच्या आजारांवर घरीच उपचार करण्याचे प्रशिक्षण दिले.

या पद्धतीला शास्त्रीय आधार विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत तयार झाला होता. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले, आणि तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. थोडेफार शालेय शिक्षण घेतलेली स्त्री न्यूमोनिया ओळखू शकते आणि बाळ वाचवू शकते, ही गोष्ट आता भावनेची राहिली नाही, ती पुराव्याची झाली. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदींतून अनेक बालमृत्यू निसटतात हे दाखविले, आणि गावातील सेवकाशिवाय मृत्यूची नोंदही नीट होत नाही हे स्पष्ट झाले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावातलीच, गावाने निवडलेली आरोग्य कार्यकर्ती म्हणून ‘आशा’ ही संकल्पना देशभर आली. महाराष्ट्रात तिची सुरुवात आदिवासी भागांपासून झाली. मेळघाटात आशा झालेल्या कोरकू स्त्रीने पहिल्यांदाच शासनाचे आरोग्यविषयक बोलणे कोरकूत आणले. गरोदर स्त्रीला दवाखान्यात बाळंत व्हायला तयार करणे, तिच्यासोबत रात्री वाहनातून जाणे, सासूची समजूत काढणे, डंबा देण्यापूर्वी बाळ केंद्रात नेणे ही कामे तिने केली. प्रशासनानेही भूमकांना शत्रू मानण्याचे धोरण सोडून त्यांना प्रशिक्षण दिले, आणि रुग्ण केंद्रात पाठविल्यास मानधन देण्याचा उपक्रम राबविला. २०२१ मध्ये कोविड लसीबद्दल मेळघाटात भीती पसरली तेव्हा ती कमी करण्यासाठी कोरकू भाषेचाच आधार घ्यावा लागला.

खालची पायरी आणि वरची पायरी

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी, महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. सेवेतील त्यांचे स्थान आजही स्वयंसेविकेचे आहे, मोबदला मुख्यतः कामानुसार मिळतो आणि कायम नोकरीचे हक्क मिळत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी सुईणीला शिकविले गेले पण पद दिले गेले नाही, आणि एकविसाव्या शतकात आशेला शिकविले गेले पण पद दिले गेले नाही. या दोन घटनांमधील साम्य अस्वस्थ करणारे आहे.

पद देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातील आरोग्यसेविका, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, तलाठी, शिक्षक अशी काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरण्याची तरतूद केली. कोरकू मुलीला तिच्याच तालुक्यात आरोग्यसेविका होता येईल, अशी ही वाट होती. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरविले, आणि पुढे महाराष्ट्रातील भरतीही न्यायालयीन वादात अडकली. समान संधीचा घटनात्मक विचार आणि रुग्णाची भाषा बोलणाऱ्या सेवकाची गरज या दोहोंची सांगड घालणारा टिकाऊ नियम तयार करणे हे आज राज्यापुढील काम आहे.

डॉक्टरच्या पदाकडे जाणारा मार्ग तर याहूनही खडतर आहे. राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत, पण त्या सर्व जमातींसाठी मिळून आहेत. त्यामुळे शाळा, शिकवणी वर्ग आणि शहर जवळ असलेल्या गटांशी सेमाडोहच्या जंगलातील मुलाला स्पर्धा करावी लागते. घरी कोरकू, शाळेत मराठी आणि वैद्यकीय शिक्षणात इंग्रजी अशा तीन भाषांचे डोंगर त्याला ओलांडावे लागतात. विदर्भातील महाविद्यालयांत विदर्भाच्या विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा देणारे प्रादेशिक सूत्रही २०२० मध्ये रद्द झाले. म्हणून नवे महाविद्यालय अमरावतीत आले, एवढ्याने ते मेळघाटाचे होत नाही.

ते मेळघाटाचे व्हावे यासाठी काय करावे लागेल, हे गेल्या शतकाने दाखवून ठेवले आहे. धारणी आणि चिखलदऱ्याच्या आश्रमशाळांत विज्ञानाचे शिक्षक कायम असावेत आणि प्रवेश परीक्षेची तयारी तेथेच, मोफत व्हावी. आशेला आरोग्यसेविका आणि आरोग्यसेविकेला परिचारिका होण्यासाठी पगारी शिक्षणाची शिडी द्यावी. सफाई कामगाराच्या मुलाला तंत्रज्ञ होण्याचा हक्क वारसाहक्काइतकाच पक्का करावा. अमरावती व अकोल्याच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला वऱ्हाडातील रुग्णांच्या भाषा, त्यांत कोरकूही, कामापुरत्या शिकवाव्यात. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही, आणि प्रत्येकीचा एखादा लहान नमुना या प्रदेशाने पूर्वी पाहिलेला आहे. डफरीनने संकोचाला उत्तर दिले, मिशनच्या परिचारिकेने विटाळाला दिले, श्रद्धानंद छात्रालयाने पंक्तिभेदाला आणि तपोवनाने बहिष्काराला दिले.

वऱ्हाडाच्या आरोग्यसेवेचा हा इतिहास अनेकांच्या सेवेने समृद्ध झालेला आहे, आणि तो वाचताना कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही. परंतु ज्यांची सेवा झाली त्यांना सेवेचा पूर्ण अधिकार अद्याप मिळालेला नाही, हाही त्याच इतिहासाचा निर्णय आहे. मेळघाटातील आरोग्य केंद्राच्या दारात रुग्णाला हात देणारी स्त्री आज कोरकू आहे. आतल्या टेबलामागे बसून औषध लिहिणाऱ्या व्यक्तींतही कोरकू स्त्री-पुरुष सहजपणे दिसू लागतील, तेव्हाच १९४६ मध्ये एका अहवालाने आणि एका आश्रमाने सुरू केलेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.